नेले, आणले

किल्ली माझ्याकडे असते.
पाव घेऊन येता येता मी संग्रहालय उघडते,
आधी चूल पेटवते, मग दिवा लावते.
चिलोएच्या नकाशात आमचं बेट टाचणीखाली जातं,
तरी दोन खोल्या आहेत. पूर्वी इथं शाळा होती,
फळ्यावरचा सातचा पाढा अजून पुरता पुसला गेलेला नाही.

पहिल्या खोलीत चरक, सफरचंदं पिळायचा,
निदान चिठ्ठी तरी तसं म्हणते.
एप्रिलात तिथं नुसता चौकोन असतो, धूळ नसलेला.
नोल्बेर्तो बैल जुंपून येतो, टोपी काढतो,
वहीत सही करतो : नेला.
जूनमध्ये आणून ठेवतो, धुऊनपुसून,
सोबत एक बाटली. तिची नोंद मी करत नाही.
चातीचंही तेच. बाल्द्रामिना बजावते,
"सांभाळायला दिलीय हो, पुरायला नाही."

दुसऱ्या खोलीत चित्रं, सगळी बेलार्मिनोची.
चाळीस वर्षं लाँचवर तिकिटं फाडली, आता लाँचच काढतो.
लोक येतात, मान तिरकी करतात :
"धूर असा कुठला जायला? वारा उत्तरेचा होता त्या दिवशी."
तो खिशातून कुंचला काढतो, धूर वळवतो.
त्यामुळे आमचं एकही चित्र कधी वाळत नाही
आणि पोरांच्या बाह्या निळ्या.

परवा सान्तियागोहून बाई आल्या, तपासणीला.
"संग्रहात वस्तू किती?"
"आजच्या, की एकूण?" मी विचारलं.
त्यांनी काहीतरी लिहिलं. बरंच लिहिलं.
काचा हव्यात, दोरी हवी, हात लावू नये अशी पाटी हवी.
बोलताना दात वाजत होते त्यांचे,
धक्क्यापासून चालत आलेल्या, बूट शहरातले.
मी भिंतीवरून एक्केचाळीस नंबर उतरवला :
लोकरीचे मोजे, विणणारी अज्ञात.

अक्षर माझंच आहे.
टाचेपाशी सुटलेला टाका आईचा.
ती तिथंच चुकायची दरवेळी,
वर म्हणायची, पायाला श्वास नको?

बाईंनी लिहिलेलं काही खोडलं नाही.
मोजे चढवले, चुलीशी बसल्या,
शेवटच्या लाँचनं गेल्या. पायात तेच.

वहीत आहे : नेले.
शेजारचा रकाना कोरा.
खिळ्याला चिठ्ठी तेवढी लोंबते.
पोरं विचारतात, इथं काय होतं?
होतं कसलं, मी म्हणते,
आहे.
राजधानीत असतात हल्ली.