साठच्या ठोक्यावर

दांडिया बाजारात, दुसऱ्या मजल्यावर
एकतीस वर्षं मी बोटांना पळायला शिकवलं.
मिनिटाला तीस शब्द, मग चाळीस,
कोर्टात लागायचं असेल तर त्याच्याही वर.
फळ्यावर कायमचं लिहिलेलं:
कळांकडे बघू नका.
नखं वाढवून आलेल्या पोरींना
मी दारातून परत पाठवायचे.

मशिनं गेली किलोच्या भावाने,
सोळातली पंधरा.
राहिली ही गिटार,
तीन महिन्यांच्या फीपोटी
फतेगंजचा एक मुलगा ठेवून गेलेला,
न्यायला आलाच नाही.
अकरा वर्षं कपाटावर.
दिवाळीत तेवढी धूळ पुसायची.

आता मॅकवानसर म्हणतात, "रणदिवेबेन, धीमे."
मेट्रोनोम साठवर.
साठ! माझ्या वयाहून एक कमी.
पहिल्या दिवशीची पोरगीसुद्धा माझ्याकडे
याहून भरभर चुकायची.

तर्जनी, मधलं. तर्जनी, मधलं.
एकाच बोटाने लागोपाठ दोनदा नाही,
आपण लंगडी खेळत नाही आहोत.
तार छेडून बोट उंच उडू द्यायचं नाही,
तिथेच ठेवायचं, तारेच्या शेजारी,
दळण टाकून गिरणीपाशीच थांबावं तसं.
कळतं मला सगळं.
तरी तिसरीवरून दुसऱ्या तारेवर जाताना
दर वेळी तिथेच ठेचकाळते,
रोजच्या जिन्यात एकच पायरी
बोटभर उंच असावी तशी.

चूक हातातली नाही, सवयीतली आहे.
मी ठोकते.
कार्बनच्या चौथ्या प्रतीवर उमटेल
एवढ्या जोराने दाबते प्रत्येक सूर.
बोटांच्या शेंड्यांवर तारेचे चर पडलेत.
सर म्हणाले, दाब सोडत जा, अजून सोडा, अजून,
तार कुरकुरली की केसभर परत दाबा.
बस, एवढीच लागते.
बाकीची ताकद घरी घेऊन जा.

नवल त्यांना फक्त करंगळीचं वाटतं.
सगळ्यांची लुळी, माझी नाही.
इंग्रजीतला 'ए' डाव्या करंगळीच्या वाट्याला येतो
आणि 'ए' वाचून
कुठलाच अर्ज पुरा होत नाही, हे त्यांना काय माहीत.

परतताना काळ्या घोड्याच्या पुलावर गर्दी होती.
स्कूटर स्टँडला लावली, मीही वाकले.
विश्वामित्रीच्या गाळावर मगर,
ओंडक्यासारखी, अर्धं तोंड उघडं.
कुणी म्हणालं मेलेली आहे,
कुणी खडा मारला.
ती होती.
मग नव्हती.
पाण्यावर एक वर्तुळ, तेही मोठं होत पातळ झालेलं.
मधलं काही मला दिसलंच नाही.
आणि घाई म्हणाल, तर कुठेच नव्हती.

त्या रात्री चारच सूर घेतले.
थांबले. हात सैल सोडला, खांद्यापर्यंत.
चार सूर, एकदम. परत ओंडका.
शेजारच्या पारेखांनी टीव्ही मोठा केला.

उजव्या हाताची नखं आता मी राखते,
शून्य नंबरच्या कागदाने घासते,
कणीक डाव्या हाताने मळते.
जुनी एक विद्यार्थिनी भाजीबाजारात भेटली,
माझ्या बोटांकडे बघत राहिली,
म्हणाली काही नाही.

काल ब्याण्णववर एकदा आलं.
खालच्या सीपासून वरच्या सीपर्यंत,
अंगठा मागून न सांगता सरकला,
कुठली तार कुठे संपली
माझं मलाच कळलं नाही.
लगेच परत वाजवलं.
नाही आलं.
मग परत साठ.

एक मात्र सुटत नाही.
वरच्या टोकाला पोचले
की डावा हात थांबायचा सोडून
आणखी जरासा उजवीकडे जातो, रिकाम्या हवेत,
घंटी ऐकू आल्यासारखा,
गाडा ढकलून
पुढची ओळ घ्यायला.