रिकामा रकाना

हाल्बेराच्या नावापुढचा रकाना
मी अजून भरलेला नाही.
मुख्याध्यापिका दर ऑक्टोबरला विचारतात,
मी सांगतो, शाई गोठलीय.
आइसलँडच्या उत्तरेला हे कारण
मे महिन्यापर्यंत चालतं.

बाकी वही नीट आहे.
विस्तवघर: ओर्मुर, सोबतीला राखेतला ससा,
गादी दोनदा जाळली, भरपाई येणे.
वाराघर: सुन्नेवा, आणि एक पक्षी
जो बर्फ पडतानाच दिसतो,
जिथे बर्फ पडत नाही तेवढ्याच आकाराचा.
दगडघरातल्या जुळ्यांना मिळून एक म्हातारा धोंडा.
तो वर्षातून एकदा कूस बदलतो,
त्या दिवशी शाळेला सुट्टी.

पाणघरात ती एकटी.
पश्चिमेच्या खाड्यांकडची, मासे खारवणाऱ्यांची पोर.
पहिल्या दिवशी स्वतःचं नाव सांगायला उभी राहिली,
हा... हा... हा...
आणि अख्खा वर्ग हसला
तिच्याच अक्षरात.

त्या रात्री तो तळ्यातून वर आला.
करडा घोडा,
आयाळीतली धार थांबेचना,
चारी खूर उलटे.
त्याला भय एकाच गोष्टीचं:
ज्याला त्यानं निवडलं
त्याच्या तोंडून त्याचं नाव निघालं
की तो पाण्यात परत. कायमचा.
म्हणून शंभर पोरांमधून त्यानं ती जीभ निवडली
जिच्यावरून कुठलंच नाव सहज सुटत नव्हतं.

दोन हिवाळे.
तबेलाही माझ्याकडेच, म्हणून पाहिलंय:
ती त्याच्या मानेला कपाळ टेकून उभी,
आणि बादलीतलं पाणी
काठाच्या वर बोटभर उठून
दोघांकडे बघत राहिलेलं.
वाराघरच्या राग्नफ्रीदूर बाई तिला श्वास शिकवायच्या,
"वारा अडत नाही गं, वळतो."
ती मान डोलवायची.
घाई कुणाला होती?

फेब्रुवारीत पैज लागली.
ओर्मुर चढला, मागून जुळे.
पाठ लांबली, तिघांना पुरली,
आणि गोठल्या लोखंडाला जीभ चिकटावी
तशी पोरं चिकटली.
तो वाईट नव्हता, हे मी कुठेही सांगेन.
पाठीवर बसलेल्याला घरी न्यायचं,
एवढंच पाणी जाणतं.
आम्ही सगळे ते नाव ओरडलो.
आमच्या तोंडी तो नुसता शब्द होता.
बर्फ तडकत होता, लांबवर,
कुणीतरी कापड फाडत नेल्यासारखा.

ती पायमोज्यांवर धावत आली.
पहिलं अक्षर तीनदा फुटलं.
चौथ्यांदा तिनं डोळे मिटले,
बाईंनी शिकवलेला श्वास घेतला,
आणि नाव सबंध बाहेर पडलं,
जन्मातलं पहिलं.

पोरं बर्फावर गडगडली,
ओर्मुरच्या मांडीचं कातडं मागे राहिलं.
घोड्यानं एकदा मान वळवली.
भोक इतकं लहान होतं
की तो त्यातून कसा गेला
याचा मी अजून विचार करतो.

सोमवारी सभागृहात
मुख्याध्यापिका म्हणाल्या,
"हाल्बेरानं शाळेचं नाव काढलं."
टाळ्या पडायच्या आत
ती उठून बाहेर गेली.

मी मागोमाग गेलो.
तळ्याच्या काठाला ती उकिडवी बसली होती,
एका ठशात हात ठेवून.
ठसे ताजे, खोल,
तळ्याकडून निघून थेट तबेल्याच्या दाराशी.
"आलाय," ती म्हणाली.
अजिबात न अडखळता.

चाळीस वर्षं मी घोड्यांना नाल ठोकतोय.
कुठला खूर कुठे जातो,
मला कळत नाही असं नाही.

मी तबेल्याचं दार उघडलं
आणि बादली भरून ठेवली.