पाच शब्दांच्या आत

तार्तूत नोव्हेंबर. चार वाजताच दिवे.
लेलो पुराभिलेखागारात एकटीच,
हीटरवर ओले हातमोजे वाळत टाकलेले,
आणि समोर ओस्करच्या एक्केचाळीस वह्या,
आता नुसती एक फाइल, अडीच एमबी,
पेन्सिलीचा वास उडालेली.

दूध संकलन केंद्राचा हिशेबनीस, तिचा आजोबा.
लिटर, फॅट, कोणाच्या गाईला काय झालं,
बर्फ किती बोटं.
आई पार्नूहून फोनवर म्हणाली होती,
"माझ्याबद्दल काही लिहिलंय का बघ.
एकसष्ट साली मी दार आपटून गेले, त्यानंतरचं."
आणि लगेच, "नसेल तर नको सांगूस."

आईचं नाव हिल्या.
पंचाईत अशी, की त्यांच्या भाषेत हिल्या म्हणजे उशिरा.
टँकर हिल्या. वसंत हिल्या. डॉक्टर हिल्या, वासरू गेलं.
पहिल्याच शोधात दोन हजार तीनशे सहा वेळा
आई उशिरा आली.

मग मोठं अक्षर धरलं. आपल्या लिपीला ते ठाऊक नाही,
आपल्याकडे माणूस आणि उशीर एकाच उंचीचे.
तिथेही वाक्याच्या तोंडाशी उशीर मोठा होतोच.
मग शेपट्या. विभक्ती चौदा, आपल्याहून सहा जास्त.
हिल्यागा म्हणजे हिल्यासोबत,
हिल्याता म्हणजे हिल्याशिवाय.
एका व्यंजनाचं अंतर.
एकसष्टपर्यंत गा, गा, गा.
बासष्टच्या उन्हाळ्यात पहिला ता:
"गवतकापणी हिल्याशिवाय. तीन दिवस जास्त लागले."

लेलोने नमुना लिहिला:
शब्दाची कड, हिल्या, असेल ती शेपटी,
मग कुठलेही शब्द, महिरपी कंसात शून्य ते पाच,
मग आन्देक्स. माफ कर.
जुळण्या: शून्य.
पाचाचे दहा केले. शून्य.
दहाचे तीस. एक मिळाली,
पण ती माफी दुधाच्या इन्स्पेक्टरची निघाली,
मध्ये दोन पूर्णविराम आणि एक मेलेलं मांजर.
चिडून तिने मर्यादाच काढून टाकली,
टिंब, तारा, ओळींची कुंपणंही पाडली,
आणि त्या हावऱ्या नमुन्याने
पहिल्या वहीतल्या पहिल्या हिल्यापासून
(जन्मली त्या रात्री बर्फ चार बोटं)
शेवटच्या वहीतल्या कुठल्याशा आन्देक्सपर्यंत
सगळं एका घासात गिळलं.
जुळणी: एक.

चहा ओतताना तिच्या ध्यानात आलं,
नमुना एकाच दिशेने चालतो.
आधी मुलगी, मग माफी, एवढंच विचारलं होतं.
तिने उभी रेघ ओढली, पलीकडे तेच शब्द उलटे मांडले,
आणि थकून मोठ्या अक्षराचा हट्टही सोडला.

वही चाळीसावी. मोतीबिंदूनंतरची.
सगळी अक्षरं लहान, विरामचिन्हं नाहीतच.
आन्देक्स हिल्या.
मधले शब्द: शून्य.
माफ कर, हिल्या.
किंवा, माफ करा, उशीर झाला.
वरच्या ओळीत, टपाल आलं नाही.

लेलोने पार्नूला फोन लावला.
अर्थ लावून दिला नाही, दोन शब्द होते तसे वाचले.
बोलण्यात मोठं अक्षर नसतं.
पलीकडे किटली बराच वेळ शिट्टी घालत राहिली.
"खालच्या ओळीत काय आहे?" आईने विचारलं.
"बर्फ. सहा बोटं."
"हं," आई म्हणाली.
"सहा म्हणजे बराच."