शेवटचा तुकडा

डंडी, एकोणीसशे चौऱ्याहत्तर.
बाबा रविवारच्या चहालाही प्राध्यापकच:
"जो कापेल, त्यानं शेवटी घ्यावं.
सुरी आपोआप न्यायी होते."
फर्गस मान डोलावतो,
मी केकवरचे बदाम मोजते.

कापते आई. नेहमी तीच.
बाबांना सात बदाम, फर्गसला सहा, मला पाच.
शेवटी तिच्या बशीत
करपलेली कड.

रात्री बाबांचं पुस्तक ती टाइप करते.
'कुटुंबप्रमुख' या शब्दापाशी
खडखड थांबते.
मग म्हणते, रिबन अडकली होती.

आज तिला ऐंशी पूर्ण झाली.
सुरी मी फर्गसच्या हातात देते.
तो गोंधळतो, कुठून सुरू करू?
"कड मला ठेव," आई म्हणते.

आवडते, की सवय झाली,
विचारलं मी.
तिनं बराच वेळ
बशीकडे पाहिलं.