पाच किलो

डिस्चार्जच्या कागदावर डॉक्टरांनी
एका ओळीभोवती निळा गोल काढलेला:
पाच किलोच्या वर काही उचलू नये. सहा आठवडे.
मी हसलो.
टाके ताणले, म्हणून थांबलो.

एकतीस वर्षं कांदा-बटाटा मार्केटात
या पाठीवरून काय काय गेलं
त्याचा हिशोब कुठं नाही.
मुकादमाच्या वहीत वाराई उतरायची, वजन नाही.

आता कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीत,
दुसऱ्या मजल्यावर,
उठायचं तर आधी कुशीवर वळायचं,
मग पाय खाली सोडायचे,
मग कोपरावर भार. सरळ उठायचं नाही.
जिन्सी सिस्टरनं शिकवलं.
तिचं मराठी माझ्या हिंदीएवढंच,
पण दोघांना सगळं कळलं.
खोकला आला की उशी पोटाशी घट्ट धरायची.
मी उशी धरतो तेव्हा इंदू पाठमोरी होते.
खांदे हलतात तिचे.

आत जाळी बसवलीय म्हणे.
जाळीच्या गोण्या मी रोज शिवल्यात,
दाभण आणि सुतळी, फाटेल तिथं.
गोणी फाटली की माल सांडतो,
माल सांडला की पैसे कापतात.
माझी कोणत्या गाडीला उसवली ते आठवत नाही.
दोन हंगाम पट्टा आवळून
मी ती शर्टाखाली लपवली.

सकाळी गॅलरीत बावीस पावलं, परत बावीस.
वाकायला लागू नये म्हणून
इंदूनं कपड्यांची दोरी वीतभर वर बांधली,
आता ती स्वतः टाचा उंचावून वाळत घालते.
रात्री कोमट पाण्यात इसबगोल.
जोर करायचा नाही, असंही लिहिलंय.
जोरावरच पोट भरलेल्या माणसाला.

दुसरं काम नाही,
म्हणून खाटेवरून वजनं काढतो.
डोळ्याची सवय जात नाही.
पाण्याची बादली, सोळा.
पिठाचा डबा, दहाला थोडा कमी.
भिजलेली चादर, पिळायच्या आधी, साडेचार.
तेवढी मी उचलू शकेन.

चौथ्या दिवशी सिलिंडर आला.
पोऱ्यानं दारातच ठेवला, सही घेतली, गेला.
भरलेला, म्हणजे तीस.
इंदूनं तो तिरका केला,
एका काठावर तोलला
आणि फरशीवर गोल गोल फिरवत
ओट्याखाली नेला.
आमच्या टोळीत नवा आलेला गडी
ड्रम असा फिरवायला महिना घ्यायचा.
एकतीस वर्षं तो ओट्याखाली कसा पोचत होता?
मी मार्केटात असायचो.

म्हटलं, थांबायचंस की, अंकुश आला असता संध्याकाळी.

ती मेथी घेऊन खाली बसली.
म्हणाली, "वैजूच्या पाठीवर माझं ऑपरेशन झालं,
मेढ्याच्या दवाखान्यात.
तिसऱ्या दिवशी हंडा आणला आडावरनं.
कागद मलाबी दिला होता.
वाचणार कोण?"

रागानं नाही.
जुडीचा दोरा दातानं तोडता तोडता.

मी पंख्याकडं बघत राहिलो.
त्या वर्षी मी दिवाळीला गेलो होतो गावी,
साखर, साबण, पोरांना कपडे,
ओझं खांद्यावरून उतरवून
"पाणी दे" म्हणालो होतो.
तिनं दिलं होतं.
भरलेला हंडा किती? अठरा. वीस धरा.
आडापासून आमची चढण
मला कधी मोजावीशी वाटली नव्हती.

टाक्यांच्या जागी खाज सुटलीय.
जखम भरताना सुटते म्हणे, खाजवायचं नाही.
काही गोष्टी नुसत्या सहन करायच्या असतात,
हेही कागदावर असतं, वेगळ्या शब्दांत.

कुशीवर वळलो, पाय सोडले,
कोपरावर भार देऊन बसलो.
म्हटलं, दे इकडं.

जुडी हातात घेतली.
पाव किलो, ओली आहे म्हणून वर थोडं.
पाच-सहा काड्या निवडल्या असतील,
तेवढ्यात ती म्हणाली,
"देठासकट नका टाकू.
आणि पाठीला उशी घ्या."