नवव्या ओढीला

माझ्याकडे अकरा चेनसॉ आहेत. चालतात चार.
बाकीच्यांना मी मेलेल्या म्हणत नाही,
खोललेल्या म्हणतो.

उदगीरला देगलूर नाक्यावर, वेल्डिंगच्या दुकानामागं
पत्र्याची खोली. भिंतीला खिळे,
खिळ्यांना बार, बारांवर गंज,
आणि बिस्किटांच्या डब्यांत स्क्रू.
ज्यांचं डोकं झिजून गुळगुळीत झालंय
तेही मी टाकत नाही.
बायको म्हणते, रद्दीवाल्याला तरी लाज असते.

लोकांना वाटतं, सुटा भाग दुकानात मिळतो.
सुटा भाग मिळतो दुसऱ्याच कशात तरी.
कार्बोरेटरचा पडदा फवारणी पंपात,
सोयाबीनवर औषध मारून मारून थकलेल्या.
पिस्टनची रिंग लुनाची,
दोन्ही टोकं कानशीनं जराशी घासून,
इतकी जराशी की श्वास धरावा लागतो.
ओढायची दोरी ताडपत्रीची, नायलॉनची.
पायजम्याची नाडी एकदा घातली होती,
तोंडावर बसली.

पण क्लचचं भांडं नाही मिळालं. पाच वर्षं.
मशीन नारिंगी, दांड्यावरची परदेशी अक्षरं
कुणाच्या तरी तळहातानं निम्मी खाल्लेली.
नांदेडला इतवाऱ्यात युनूसभाईंचं भंगार
पोत्यापोत्यानं उपसलं.
ते म्हणाले, "मिस्तरी, इसमें मेरे दादा मिल जाते,
ड्रम नै मिलता."
बिदरला एकानं दाखवलं, पण दात सहा.
मला सात हवे होते.
एका दातापायी माणूस रात्रीच्या एसटीत
खिडकीला डोकं टेकून जागा राहतो,
सांगितलं तर खोटं वाटेल.

मग कळलं, मुखेडच्या अलीकडं
निलावतीबाईच्या गोठ्यात एक नारिंगी टांगलेली.
नवरा मन्मथ. रस्ता रुंद झाला तेव्हा
कडेच्या चिंचा पाडणाऱ्या टोळीत होता.
एकशे चाळीस झाडं, त्यानं मोजलेली.
पुढं त्याला चिंच खाववेना, आमटीतलीसुद्धा.
तो गेला. मशीन आड्याला तशीच,
वर कोंबड्या बसून शिटलेल्या.

झाकण काढून बोट घातलं.
भांडं शाबूत. सातही दात.
बोट थरथरलं, ते मी फडक्यात पुसलं.

दीड हजार म्हणालो. बाई म्हणाली,
"पैशाचं बघू. आधी चालू होती का बघा.
लय दिस झालं आवाज ऐकून."

प्लगला तडा. माझ्या पिशवीत
माझ्याच नारिंगीचा प्लग होता, मापाला नेलेला.
तो लावला. पेट्रोल पुतण्याच्या मोटारसायकलमधून,
तेल माझ्याजवळ असतंच,
लोक तंबाखू बाळगतात तसं.

पहिल्या ओढीला काही नाही.
चौथीला खोकली.
सातवीला पुतण्या हसला, मी घाम पुसला.
नवव्या ओढीला

गोठा निळ्या धुरानं भरला,
शेळी दावं तोडून हरभऱ्यात,
शेजारचा म्हातारा "मन्मथा?" म्हणत कुडाशी आला,
आणि निलावतीबाई
कानांवर हात न ठेवता उभी.

बंद केली. साखळी थांबायला वेळ घेते.
पुतण्या शेळीमागं पळाला.
बाई म्हणाली, "न्हाई देत आता.
चालती वस्तू कोण इकलालंय?"

मी वाद घातला नाही.
घालायला हवा होता,
निदान प्लग तरी मागायला हवा होता.
चहा झाला. तिनं पिशवीत
डहाळ्याची जुडी घातली, शेळीनं मोडलेली.

रात्री पोरानं विचारलं, मिळालं का?
मी डहाळा सोलत बसलो.
वहीत नारिंगीच्या नावापुढं
"भांडं" लिहिलेलं होतं.
त्याखाली लिहिलं, "प्लग."
आणि समासात पेन्सिलनं:
मुखेड. दर सहा महिन्यांनी.
फिल्टर साफ करून येणे.