पश्चिमेचा अधिपती

बरका. व्हिसावर नाव वाचलं तेव्हा
मला फणसच आठवला, कापा नव्हे तो.
आता अकरा वर्षं इथेच, रात्रपाळीला.
पंप समुद्र ओढतात, पडदे मीठ अडवतात,
मी आकडा बघतो.
आकडा ठीक, तर मस्कत आंघोळ करतं.

शुक्रवारी रुवीला केळुसकरांकडे पूजा, तिसरा मजला.
भटजी मीच.
वडिलांनी भिक्षुकी केली, मी केमिकलचा डिप्लोमा,
पण तोंडात बसलेलं जातं कुठे?

सुपारी मांडली, ती गणपती.
तांदळावर तांब्या.
डहाळा हमूदच्या बागेतला.
"फळं सोडून पानं कशाला?" विचारत होता.
"पाण्याला मुंडावळ्या," म्हटलं.
हसला, आणि स्वतःच धुऊन दिली पानं.

वहिनींनी नळाखाली तांब्या भरून आणला
आणि मी अडखळलो.
आता नद्यांना हाक मारायची असते,
गंगेपासून कावेरीपर्यंत, एकेकीला: या, इथे उतरा.
पण हे पाणी माझ्या ओळखीचं.
परवा रात्रीचं, दोन नंबरच्या लाइनचं.
याला उगम नाही, घाट नाही,
कुणाच्या आजोबांची राख यात विरलेली नाही.
खाली सही माझी आहे.

नद्या म्हटल्या सगळ्या. येणाऱ्या आल्या असतील.
मग वरुण.

वडील सांगायचे, तो आधी पाण्याचा नव्हताच.
रात्रीच्या आभाळाचा राजा.
सूर्याला वाट आखून द्यायचा, ऋत राखायचा,
चांदण्या त्याचे हेर,
हातात पाश, खोटं बोलणाऱ्यासाठी.
पुढे दरबार बदलला, नवे देव आले,
आणि त्याची बदली झाली समुद्रावर.
दिशा दिली पश्चिम.

पश्चिम म्हणजे इकडेच की.

"काका, थांबलात?" वहिनी म्हणाल्या.
"नाही," म्हटलं, "अक्षता द्या."
त्याला 'ये' म्हणायला जीभ रेटेना.
नुसत्या अक्षता वाहिल्या.
नळातून तोच आला होता.

शिरा छान झाला होता. केळं इथलंच, सलालाचं.

रात्री पुन्हा ड्यूटी.
गोडं पाणी शहराकडे जातं;
उरलेलं आम्ही त्याला परत करतो
घेतलं होतं त्याहून खारट.
त्याची नोंद वेगळ्या रकान्यात असते.
परवा कुणीतरी म्हणालं, थोडा कमी लिही, कोण बघतंय.

बाहेर आलो. वारा नव्हता.
वर हेर सगळे आपापल्या जागी.
आत जाऊन
होता तोच आकडा लिहिला.